दहाजणांची पारख

श्रोतेहो, संगणकासाठी कोणी आज्ञांचा एक नवा संच तयार केला आणि तो सर्वांनी वापरावा असा प्रस्ताव मांडला, तर तो घ्यावा की न घ्यावा, हे कोणी ठरवावे आणि कसे ठरवावे? हा आजचा विषय आहे. त्यातून हा संच साधासुधा नाही. अनेक संगणकांनी एकच काम वाटून घेऊन एकाच वेळी करावे, यासाठी तो आहे. राळेगावच्या बाजारात कापूस घेऊन आलेला शेतकरी हे ऐकून म्हणेल, "सर, हे पुण्या-मुंबईले सांगा. आमच्या वावराशी याचा का संबंध?"

संबंध आहे, आणि तो मृगाच्या पावसाइतका जवळचा आहे. जूनमध्ये दोन सरी पडल्या की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो: सरकी लावावी, की आणखी आठ दिवस थांबावे? थांबलो आणि पाऊस लागून राहिला, तर हंगाम मागे पडतो. लावली आणि पावसाने दडी मारली, तर बियाणे मातीत जाते आणि दुबार पेरणी कपाळी येते. अशा वेळी आपण हवामानाच्या अंदाजाकडे कान लावतो. हा अंदाज करण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' आणि २०२४ साली 'अर्का' हे महासंगणक आले. मे २०२५ मध्ये याच संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. पूर्वी बारा-बारा किलोमीटरांचे चौकोन धरून जगाच्या हवेचा हिशोब होत असे, तो आता सहा किलोमीटरांवर आला आहे. एवढा हिशोब एकट्या यंत्राने करावयाचा म्हटले, तर उद्याचा अंदाज हाती यायला कितीतरी दिवस जातील. म्हणून हजारो यंत्रे तो वाटून घेतात आणि आपापल्या सीमेवरचे आकडे एकमेकांना कळवीत राहतात. हे वाटणे आणि कळवणे ज्या आज्ञांनी चालते, त्यांच्या तयार संचाला संगणकवाले 'लायब्ररी' म्हणतात. हिचा पुस्तकांच्या वाचनालयाशी संबंध नाही. सुताराने दर वेळी करवत घडवीत न बसता पेटीतून काढावी, तशी ही कार्यक्रम लिहिणाऱ्याची हत्यारांची पेटी आहे.

आता अशी पेटी पारखणे कठीण का, ते पाहू.

समजा, एका वावरात वीस बाया कापूस वेचीत आहेत. प्रत्येकीची पात वेगळी, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. काम एकटीच्या मानाने वीसपट लवकर आटोपले पाहिजे. पण दिवस मावळताना सगळ्याजणी एकदमच काट्यावर येतात. काटा एक, वही एक, रांग लागते. मालक म्हणतो, काटे दोन करू, मापारी दोन नेमू. वही मात्र एकच राहू द्या. वहीत आतापर्यंतची बेरीज शंभर किलो आहे. पहिला मापारी वहीत शंभर पाहतो. त्याच क्षणी दुसराही शंभरच पाहतो. पहिला आपले बारा मिळवून ११२ लिहितो. दुसरा आपले पंधरा मिळवून त्याच जागी ११५ लिहितो. व्हायला हवे होते १२७. बारा किलो कापूस वहीतून नाहीसा झाला. आणि दोघेही मापारी शपथेवर सांगतील, की आमची बेरीज बरोबर आहे. ती बरोबरच आहे! चूक दोघांच्या वेळेत आहे. शिवाय हे रोज घडणार नाही. दोघांनी नेमकी एकाच क्षणी वही पाहिली, तरच घडणार. महिनाभर हिशोब जुळत राहील आणि एखाद्या दिवशी बिनसेल.

दुसरा प्रकार याहून मौजेचा आहे. दोन संगणकांना शिकवून ठेवले आहे, की आधी आपला निरोप द्या आणि मग समोरच्याचा घ्या. निरोप लहान असला, तर तो वाटेतल्या कोनाड्यात ठेवून देता येतो आणि दोघेही पुढे सरकतात. निरोप मोठा झाला, की कोनाडा पुरत नाही. मग समोरच्याने हात पुढे करीपर्यंत देणारा थांबतो. आणि समोरचाही देण्यासाठीच थांबलेला असतो. पांदणीत दोन बंड्या समोरासमोर याव्यात, दोन्ही बाजूंना काट्याची कुंपणे असावीत आणि दोन्ही धुरकऱ्यांनी म्हणावे, 'आधी तुम्ही मागे घ्या', तसा हा प्रकार. ज्याने हा संच लिहिला, त्याने लहान निरोपांवर तो शंभरदा चालवून पाहिलेला असतो. तो प्रामाणिकपणे सांगतो, की माझ्याकडे चालतो. आणि दुसऱ्याच्या यंत्रावर तो गप्प बसतो.

तिसरी गोष्ट तर साध्या बेरजेची आहे. संगणक दशांशातले आकडे ठराविक घरांपर्यंतच ठेवतो. त्यामुळे तेच हजार आकडे वेगळ्या क्रमाने मिळवले, तर शेवटच्या घरात फरक पडू शकतो. काम चार यंत्रांत वाटले की एक क्रम, सात यंत्रांत वाटले की दुसरा. तेव्हा काल आलेले उत्तर आज तंतोतंत तेच येईल, याची हमी संच देतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे लागते.

या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. समांतर कामाच्या संचातले असे दोष, लिहिणारा कितीही हुशार असला, तरी त्याला आपल्या घरी बसून पुष्कळदा दिसत नाहीत. ते दिसायला दुसऱ्याचे यंत्र, दुसऱ्याचे काम आणि दुसऱ्याची नजर लागते. म्हणून बरोबरीच्या माणसांनी केलेली तपासणी इथे शिष्टाचार म्हणून नव्हे, तर हत्यार म्हणून लागते.

जगाने ही तपासणी कशी केली, त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा समांतर महासंगणक तयार झाला. त्या काळी जगभर अशी यंत्रे निघत होती. पण यंत्रांनी एकमेकांना निरोप कसे द्यावेत, याची बोली प्रत्येक कारखान्याची निराळी होती. एका यंत्रासाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्या यंत्रावर न्यायचा, तर पुष्कळसा नव्याने लिहावा लागे. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे जाणत्या मंडळींची एक कार्यशाळा भरली आणि एक समाईक बोली ठरवावी असे निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिला कच्चा मसुदा झाला. पुढे १९९३ साली सुमारे दर सहा आठवड्यांनी बैठका झाल्या. चाळीस संस्थांतील सुमारे साठ माणसे या कामात होती. बैठकीस येण्यास आणि पत्रव्यवहारात भाग घेण्यास कोणालाही मज्जाव नव्हता. नोव्हेंबर १९९३ मध्ये मसुदा जाहीर परिषदेत मांडला, लोकांचे आक्षेप घेतले, आणि मे १९९४ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. तिचे नाव 'मेसेज पासिंग इंटरफेस', म्हणजेच एमपीआय. मसुद्यावर चर्चा चालू असतानाच अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेतील मंडळी तो प्रत्यक्ष यंत्रावर उतरवून पाहत होती. त्यामुळे 'कागदावर छान, पण चालणार कसे?' या प्रश्नाचे उत्तर बैठकीतच मिळत असे. आज जगातील बहुतेक महासंगणकांवर ही बोली चालते. हवामानाची मोठी गणितेही सहसा तिच्याच आधाराने लिहिली जातात. तिची पाचवी मोठी आवृत्ती २०२५ साली निघाली.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की ती साठ माणसे मुख्यतः अमेरिका आणि युरोप येथली होती. जो बैठकीत असतो, त्याची गरज मसुद्यात येते. जो नसतो, त्याला पुढे मसुद्याप्रमाणे आपली गरज कापून घ्यावी लागते. दुसरी अशी, की इतकी काळजी घेऊनही सगळेच साधले नाही. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सी प्लस प्लस या भाषेसाठी आज्ञांचा एक वेगळा भाग घातला होता. तो पुढे निरुपयोगी ठरला. २००९ साली तो बाजूला काढावा असे ठरले आणि २०१२ साली काढला. घातलेली गोष्ट काढायला पंधरा वर्षे! नको असलेला खांब घर बांधण्यापूर्वी काढणे सोपे. त्यावर आढे टेकल्यावर काढणे कठीण. म्हणून आक्षेप आधी हवा.

आता लहान प्रमाणावर, एखाद्या एकट्या माणसाने लिहिलेल्या संचाची तपासणी कशी होते, ते पाहू. सी प्लस प्लस भाषेसाठी 'बूस्ट' नावाचा विनामूल्य संग्रह आहे. त्याची सुरुवात १९९८ साली झाली. त्यातील काही संच इतके उत्तम निघाले, की पुढे त्या भाषेच्या प्रमाण आवृत्तीतच ते घेतले गेले. या संग्रहात शिरण्याची रीत ठरलेली आहे. लेखक प्रस्ताव मांडतो. मग लेखक सोडून दुसराच एक माणूस तपासणीचा व्यवस्थापक होतो. तारखा जाहीर होतात; साधारण दहा दिवस. त्या दहा दिवसांत कोणीही संच वाचावा, चालवून पाहावा आणि मत लिहावे. मात्र मत देणाऱ्याला काही ठराविक प्रश्न असतात. रचना कशी वाटली? प्रत्यक्ष लिखाण कसे आहे? माहितीपुस्तिका समजते का? संच उपयोगी आहे का? तुम्ही तो स्वतः चालवून पाहिला का, आणि काही अडचण आली का? या विषयात तुमची जाण किती? आणि तुम्ही किती श्रम घेतलेत: नुसती नजर टाकलीत, भरभर वाचलेत, की खोल अभ्यास केलात? शेवटी, हा संच घ्यावा की नाही?

श्रम किती घेतलेत, हा प्रश्न मला फार आवडतो. वरवर पाहणाऱ्याला तिथे हाकलून देत नाहीत. वरवर पाहणाऱ्याचेही काम असते. दहा मिनिटांत त्याला काय समजले नाही, हे तोच सांगू शकतो. पण त्याने आपले श्रम सांगून मोकळे व्हावे, म्हणजे त्याच्या शब्दाचे वजन किती धरावे, हे ठरवता येते. काट्यावर कापूस ठेवताना त्यातले पाणी धरतात, तसेच हे.

आणखी एक विशेष. इथे हात मोजून निकाल लागत नाही. वीसजणांनी 'घ्या' म्हटले आणि एकानेच दाखवून दिले, की अमुक परिस्थितीत दोन मापारी एकाच वहीत लिहितात, तर त्या एकाचे म्हणणे जड ठरते. व्यवस्थापक सर्वांची मते वाचतो आणि कारणे देऊन निकाल सांगतो: घेतला, अमुक दुरुस्त्या करण्याच्या अटीवर घेतला, किंवा तूर्त घेतला नाही. पंचांमुखी परमेश्वर हे खरे. पण पंचांनी कारण सांगितले तर.

याचे फळ काय मिळाले? चित्रे दाखवण्यासाठी संगणकात जो वेगळा प्रक्रियक असतो, त्याच्याकडून गणिते करून घेण्याचा 'कंप्यूट' नावाचा एक संच डिसेंबर २०१४ मध्ये या तपासणीस आला. तो पसंत झाला आणि २०१६ साली संग्रहात निघाला. म्हणजे पसंतीनंतरही वर्षभराहून अधिक काळ गेला. दुसरा 'फायबर' नावाचा संच होता. एकमेकांना पाळी देत चालणाऱ्या लहान लहान कामांसाठी तो लिहिला होता. जानेवारी २०१४ मध्ये त्याची तपासणी झाली आणि तो घेतला गेला नाही. लेखक रुसून बसला नाही. सुधारून २०१५ साली तो पुन्हा तपासणीस आला आणि २०१६ साली त्याच संग्रहात दाखल झाला. नापसंती हा तिथे शेवट नसतो. काय करायचे राहिले, त्याची ती यादी असते.

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशात ठीक. राळेगावात याचे काय? श्रोतेहो, आज खिशातल्या फोनमध्येही एकाहून अधिक गणनाकेंद्रे असतात. काम वाटून करण्याचा प्रश्न महासंगणकापुरता उरलेला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयातला विद्यार्थी असा एखादा संच लिहू शकतो. आणि त्याहून सहज, दुसऱ्याने लिहिलेला तपासू शकतो. तेव्हा अशी तपासणी गावात भरवायची, तर काय काय करावे, ते क्रमाने सांगतो.

प्रथम, लेखकाने एका पानात लिहावे, की हा संच कोणाची कोणती अडचण दूर करतो आणि काय करीत नाही. 'काय करीत नाही' हे लिहिलेले नसेल, तर तपासणी सुरूच करू नये. नाहीतर प्रत्येकजण आपल्या मनातला निराळाच संच तपासत बसतो. दुसरे, व्यवस्थापक लेखक नसावा, आणि शक्य तर लेखकाचा गुरूही नसावा. तिसरे, सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा ठरवाव्यात. मुदत नसलेल्या कामाला आपल्याकडे 'पाहू' म्हणतात. चौथे, तपासणारे सारख्याच जातकुळीचे नसावेत. एक विषय जाणणारा हवा; एक असा, की ज्याला हा संच उद्या खरोखर वापरायचा आहे; एक वेगळ्या बनावटीचे यंत्र असलेला; आणि एक अगदी नवखा, जो फक्त माहितीपुस्तिका वाचून काम करून पाहील आणि जिथे अडेल तिथे खूण करील. पाचवे, सर्वांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी. समांतर संचासाठी तीत तीन प्रश्न जास्तीचे घालावेत: दोघे एकाच वहीत लिहिणार नाहीत, याची सोय कोणती? दोन बंड्या समोरासमोर आल्या, तर काय होते? आणि काम एका, दोन, तीन व सात वाटेकऱ्यांत वाटले, तर उत्तर तेच राहते का? मुद्दाम तीन आणि सात म्हणतो. सम आकड्यांवर सगळे जुळते. वाटणीत बाकी उरली, की खोट बाहेर पडते.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक आक्षेपाला क्रमांक द्यावा आणि त्यापुढे लेखकाचे उत्तर लिहावे: मान्य, किंवा अमान्य आणि का अमान्य. ग्रामसभेला जाणाऱ्यांना सांगायला नको, की विषय निघण्यापूर्वीच वहीवर सह्या झाल्या, तर सभा झाली असे म्हणता येते, पण ठरले काय ते कोणालाच ठाऊक नसते. ज्या तपासणीत आक्षेपाला उत्तर मिळत नाही, तिथे पुढच्या खेपेस माणसे येत नाहीत. आणि न येण्यात त्यांची चूकही नसते.

मात्र खरी अडचण या सहाही गोष्टींच्या पलीकडे आहे. ती आपल्या मर्यादशील स्वभावात आहे. मी वर्गात विद्यार्थ्यांपुढे एखादा कार्यक्रम ठेवतो आणि विचारतो, कसा वाटला? उत्तर ठरलेले: "छान आहे सर." सरांनी लिहिलेल्यात चूक काढायची म्हणजे सरांचा अपमान करायचा, असे लहानपणापासून मनावर ठसलेले असते. मग मी प्रश्नच बदलला. 'कसा वाटला' असे न विचारता 'कोणत्या ओळीवर तुम्ही थांबलात?' असे विचारू लागलो. एकदम दहा हात वर आले. चूक काढा म्हटले की मुले गप्प बसतात. कुठे थांबलात म्हटले की बोलतात. गोष्ट तीच, पण पहिल्यात माणसावर बोट जाते, दुसऱ्यात ओळीवर. तपासणी भरवणाऱ्याने हा एवढा शब्दांतला फरक सांभाळला, तर त्याचे अर्धे काम झाले. आणि लेखकानेही ध्यानात ठेवावे, की 'छान आहे' म्हणणाऱ्याने त्याला काहीच दिलेले नाही. 'सातजणांत वाटल्यावर तुमची बेरीज चुकते' म्हणणाऱ्याने आपली एक संध्याकाळ दिलेली आहे.

जगात चाललेल्या अशा कितीतरी कामांचे मसुदे आज सर्वांना वाचायला खुले असतात. एमपीआयच्या पुढच्या आवृत्त्यांचे काम खुल्या बैठकांतूनच चालते. बूस्टची तपासणीही कोणी कुठून करावी, याला बंधन नाही. तिथे पदवी विचारीत नाहीत. वाचलेत का आणि चालवून पाहिलेत का, एवढेच विचारतात. इंग्रजी मोडकीतोडकी असली तरी चालते. ओळीचा क्रमांक आणि यंत्राने दिलेले उत्तर, यांना व्याकरण लागत नाही. आपल्या साध्या संगणकावर, अधूनमधून जाणाऱ्या विजेत, त्या संचाचे काय होते, हे मोठ्या प्रयोगशाळेतल्या माणसाला कळण्याचे साधनच नाही. ते इथलाच माणूस सांगू शकतो.

तेव्हा तुमच्या घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर या आठवड्यात त्यांना एवढेच सांगा: खुला असलेला एखादा लहानसा समांतर संच घ्या, तो तीन आणि सात वाटेकऱ्यांवर चालवून पाहा, जिथे थांबलात ती ओळ लिहा, किती वेळ दिलात ते लिहा, आणि ज्याने तो लिहिला त्याला पाठवा. उत्तर येईल. न आले, तर आपला आक्षेप जपून ठेवा आणि पुढच्या तपासणीत पुन्हा मांडा.